काळी छत्री तांबूस का येते?

भर उन्हात समुद्राचं पाणी दुधाळ, मऊ दिसावं म्हणून एनडी फिल्टर (लेन्सवर चढवायची, प्रकाश कमी करणारी काळपट काच) लावला आणि किनाऱ्यावरची काळी छत्री फोटोत तांबूस आली, की बहुतेक जण व्हाइट बॅलन्सला, म्हणजे कॅमेऱ्याच्या रंगदुरुस्तीला, बोल लावतात. दोष तिथे नसतो.

आधी हिशोब. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. एनडी १००० म्हणजे प्रकाश हजारपट कमी, साधारण १० स्टॉप. उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचं माप) ला १/१०० सेकंद पुरतो, फिल्टर लावल्यावर १० सेकंद लागतात. नुसतं छिद्र आणखी लहान, एफ/२२ करून हे साधत नाही. एकच स्टॉप पदरात पडतो आणि विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) बारकावे पुसट होतात. फोकस फिल्टरशिवाय करा, लेन्स मॅन्युअलवर टाका, मगच फिल्टर चढवा. चढवताना फोकस रिंग हलू देऊ नका. डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर झाका, मागून उजेड शिरतो.

आता छत्री. डोळ्यांना साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो, सिलिकॉनच्या सेन्सरला जवळपास ११०० पर्यंतचा. सेन्सरपुढची काच हा ७०० च्या पुढचा, न दिसणारा अवरक्त प्रकाश अडवते, पण सगळा नाही. समजा, दृश्य प्रकाशाच्या १००० भागांमागे अवरक्ताचा १ भाग निसटतो. एरवी तो जाणवतही नाही. पण बरेच स्वस्त एनडी फक्त दृश्य प्रकाश हजारपट कमी करतात, अवरक्त तसाच सोडतात. १०००:१ चं प्रमाण थेट १:१ वर येतं! त्यातही ७०० ते ८०० नॅनोमीटरमधला प्रकाश लाल पिक्सेलच जास्त टिपतात. काळ्या नायलॉनचा रंग दृश्य प्रकाश शोषतो, अवरक्त मात्र परत फेकतो. म्हणून छत्री तांबूस. झाडांची पानंही अवरक्त जोरात परावर्तित करतात, ती मळकट पिवळी येतात. शेजारचं पाणी अवरक्त फारसं परत पाठवत नाही, ते जवळपास ठीक दिसतं. झाक अशी वस्तूगणिक बदलते, आणि व्हाइट बॅलन्स अख्ख्या चित्राला एकच दुरुस्ती लावतो. (सगळीकडे सारखी निळसर झाक असेल, तर ती त्याने जाते.)

उपाय म्हणजे अवरक्तही अडवणारा आयआरएनडी. घेताना काळं नायलॉनचं कापड उन्हात ठेवून फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय फोटो काढा. कापड लाल आलं तर तो फिल्टर घेऊ नका.

हाच काळपट फिल्टर सूर्यग्रहण पाहायला वापरावासा वाटेल, म्हणून एक इशारा. ग्रहणात जेवू नये, गरोदर बाईनं भाजी चिरू नये, याला काडीचा आधार नाही. एनडी १००० मधून सूर्याकडे पाहू नये, याला मात्र भक्कम आधार आहे. त्यातून दृश्य प्रकाशाचे लाखात १०० भाग येतात, वर न दिसणारं अवरक्त. प्रमाणित सौर चष्मा लाखात फार तर सुमारे ३ भाग येऊ देतो.