केंद्राची फाइल घेताना प्रोग्रॅम अडकला तर
दूध संस्थांचे सचिव आणि संगणक ऑपरेटर यांच्यासाठी

केंद्रांवरून आलेल्या दूध संकलनाच्या फाइली घेताना प्रोग्रॅम मध्येच थांबतो, पडदा पांढुरका पडतो आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असे येते. बहुधा हे दहा दिवसांचे बिल काढायच्या दिवशीच घडते, कारण राहिलेल्या फाइली त्या दिवशी एकदम येतात. सभासद बिलासाठी थांबलेले असतात, त्यामुळे ऑपरेटर घाईने 'एंड टास्क' दाबून प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करतो. कृपया तसे लगेच करू नका.

प्रोग्रॅमने पाच सेकंद विंडोजला प्रतिसाद दिला नाही की ती अक्षरे उमटतात. मोठी फाइल वाचण्यात तो गुंतला असला तरी उमटतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि आपल्या प्रोग्रॅमसमोरचे सीपीयू आणि डिस्कचे आकडे पाहा. दोन्ही वरखाली होत असतील तर काम चालू आहे, हात लावू नका. दोन्ही बराच वेळ शून्यावर असतील तर तो कशासाठी तरी खोळंबला आहे. बहुतेक वेळा तीच फाइल कोणीतरी एक्सेलमध्ये उघडून ठेवलेली असते. ती बंद करा. डिस्क शून्य आणि सीपीयू मात्र एकाच आकड्यावर चढून बसला असेल, तर फाइलमधल्या एखाद्या बिघडलेल्या ओळीवर प्रोग्रॅम फिरत राहिला आहे.

ओळ बिघडते कशी? सर्वांत जास्त वेळा फाइल पूर्ण उतरण्याआधीच वाचायला घेतली जाते. शेवटच्या ओळीत सभासद क्रमांक आणि लिटर येतात, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन घटक) यायचे राहतात. फाइलचा आकार पाहून हे कळेलच असे नाही. विंडोजमध्ये कॉपी सुरू होताच बहुधा पूर्ण आकाराची जागा राखली जाते, त्यामुळे अर्धी फाइलही पूर्ण दिसते. म्हणून आमचा आग्रह आहे की पेनड्राइव्ह किंवा नेटवरून आलेली फाइल थेट 'आवक' फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिथून फाइली उचलतो तिथे, टाकू नका. शेजारी 'तात्पुरते' नावाचे फोल्डर करा, आधी तिथे पूर्ण उतरू द्या आणि मग कट-पेस्ट करून 'आवक'मध्ये न्या. दोन्ही फोल्डर एकाच ड्राइव्हवर हवेत. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवताना फक्त तिची नोंद बदलते, त्यामुळे ती अर्धी दिसण्याचा प्रश्नच येत नाही. एक सी आणि दुसरे डी ड्राइव्हवर असेल तर पुन्हा कॉपीच होते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

केंद्रचालकांनाही दोन गोष्टी सांगून ठेवा. पेनड्राइव्ह 'इजेक्ट' केल्याशिवाय उपसायचा नाही. आणि फाइल पाठवण्याआधी एक्सेलमध्ये उघडून 'सेव्ह' करायची नाही, कारण ००१२ हा सभासद क्रमांक तिथे १२ होतो आणि नोंद जुळत नाही. झिप फाइल एफटीपीने (नेटवरून फाइली पाठवण्याची एक पद्धत) येत असेल तर 'बायनरी' पद्धत निवडलेली हवी. 'ॲस्की' पद्धतीत ओळींच्या शेवटची चिन्हे बदलली जातात आणि झिप उघडत नाही.

सकाळ-संध्याकाळ धरून एका केंद्राच्या दहा दिवसांच्या २० फाइली होतात. त्यांतली एकच खराब असेल तर ती शोधायला एकेक घालून पाहू नका. आधी डेटाचा बॅकअप घ्या, मग चाचणीच्या खात्यावर निम्म्या फाइली चालवा. अडकला तर खराब फाइल त्या निम्म्यांत आहे, नाहीतर उरलेल्यांत. पुन्हा निम्म्या करा. जास्तीत जास्त पाच फेऱ्यांत ती हाती लागते. ती बाजूला ठेवून बाकीच्या १९ घेऊन टाका, म्हणजे एका फाइलपायी सगळ्या सभासदांचे बिल रखडणार नाही.

प्रोग्रॅम बंद करावाच लागला, तर तीच फाइल पुन्हा घेण्याआधी त्या वेळच्या संकलनाचे एकूण लिटर पडद्यावर काढून केंद्राच्या रजिस्टरशी ताडून पाहा. काही नोंदी आधीच खात्यावर चढलेल्या असतात. त्या दुबार चढल्या तर एका सभासदाला जादा रक्कम जाते आणि पुढच्या बिलात ती कापताना वाद होतो. फरक दिसला तर आधी त्या वेळच्या नोंदी रद्द करा, मगच फाइल घ्या.

एवढे करूनही अडले तर आम्हाला फोन करा. फाइल जशी आली तशीच, न उघडता, झिप करून पाठवा. सोबत टास्क मॅनेजरचा फोटो, अडकल्याची वेळ आणि फाइल कोणत्या मार्गाने आली तेही कळवा. बिलाचा दिवस असेल तर फोनवर आधी तेच सांगा, म्हणजे तुमचे काम आम्ही पहिल्यांदा हाती घेऊ.