आवाजाआधी बूट बघा

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेतली आणि चाकाजवळून ‘कट-कट-कट’ असा आवाज आला, की सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या शाफ्टचा वाकणारा सांधा, गेला, एवढं बहुतेक चालकांना ठाऊक असतं. पण हा आवाज येईपर्यंत स्वस्तात सुटण्याची वेळ निघून गेलेली असते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्या चाकांनी फिरायचं, वळायचं आणि खड्ड्यांत वर-खालीही व्हायचं असतं. साध्या क्रॉसच्या जॉइंटने हे नीट साधत नाही. शाफ्ट 30 अंशांत वाकला, तर एका फेरीत दोनदा चाकाचा वेग सुमारे 0.87 ते 1.15 पटींमध्ये कमीजास्त होतो आणि स्टिअरिंगला हिसके बसतात. 1920च्या दशकात फोर्डमधल्या आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने सहा छर्ऱ्यांचा जॉइंट काढला. त्यातले छर्रे पिंजऱ्यात अशा पातळीत धरलेले असतात, की ती पातळी दोन शाफ्टमधला कोन कायम निम्मा करते. त्यामुळे कोन कितीही बदलला, तरी दोन्ही बाजूंचा वेग सारखाच राहतो. 1959 साली आलेल्या ‘मिनी’ने ही रचना लहान मोटारींत रुजवली.

मग आवाज येतो कुठून? गाडी बहुतेक वेळ सरळच धावते. तेव्हा छर्रे आपल्या खाचांच्या मधल्या थोड्याशा भागातच पुढे-मागे होत राहतात, आणि इंजिनची सगळी ओढ तेवढ्याच पोलादावर येते. त्या पोलादाचा फक्त वरचा थर कडक केलेला असतो. तो सोलला की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि तिथे खळगा पडतो. सरळ रस्त्यावर छर्रा खळग्यातच बसून राहतो, म्हणून काही ऐकू येत नाही. चाक पूर्ण वळलं, की त्याला खाचेत लांबवर सरकावं लागतं. खळग्याची कड ओलांडताना तो टक्कन वाजतो, फेरीमागून फेरी. पडलेला खळगा ग्रीस भरून बुजत नाही.

म्हणून खरं लक्ष द्यायचं ते जॉइंटवरच्या घड्यांच्या रबरी बुटाकडे. तो शाबूत असेल तर जॉइंट वर्षानुवर्षं टिकतो. फाटला, की फिरणारा शाफ्ट ग्रीस बाहेर भिरकावतो आणि आत धूळ-पाणी जातं. रिमच्या आतल्या बाजूला काळे, चिकट शिंतोडे दिसले, तर वाट बघू नका. चीर ताजी असेल आणि आवाज नसेल, तर जॉइंट उघडून धुवायचा, खाचा बघायच्या, नवं ग्रीस आणि नवा बूट घालायचा. जुनं ग्रीस चिमटीत चोळून पाहावं. किरकिर लागली तर आत रेती गेली आहे, आणि मग खाचा बारकाईने तपासल्याशिवाय तो जॉइंट परत बसवू नये. खाचेत नखाला अडणारा खळगा लागला, तर सरळ बदलावा. चांगल्या मूळ जॉइंटला नवा बूट घालणं हे कुठला तरी स्वस्त शाफ्ट आणून बसवण्यापेक्षा बरं, असं माझं ठाम मत आहे.

गिअरबॉक्सकडच्या आतल्या जॉइंटची तक्रार वेगळी असते. तिथे बऱ्याचदा तीन रोलरची रचना असते. ती झिजली की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरते आणि पाय काढला की शांत होते. ठरावीक वेगाला येणारी आणि पाय काढूनही न जाणारी थरथर बहुधा चाकांच्या बॅलन्सिंगची असते. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बेअरिंगची, तर खड्ड्यातला खडखडाट सस्पेन्शनचा. हे न तपासता शाफ्ट बदलला, तर पैसे जातात आणि आवाज राहतो.

फक्त पूर्ण वळणावर येणारा बारीक आवाज असेल, तर गाडी लगेच बंद पडत नाही. पण तोच आवाज थोड्या वळणावर किंवा सरळ जातानाही येऊ लागला, तर लांबचा प्रवास टाळून आधी जॉइंट बदलावा. तो मोडला तर साध्या डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाच्या) गाडीत सगळी ताकद मोकळ्या झालेल्या बाजूला वाया जाते, आणि दुसरं चाक धड असूनही गाडी पुढे सरकत नाही. ऑटोमॅटिक गाडीत तर ‘पी’चा, म्हणजे पार्किंगचा, अडसरही गाडी धरत नाही. अशा वेळी हँडब्रेक ओढायचा आणि चाकांना दगड लावायचे.