रेड स्विच की ब्राउन? भांडण स्विचचं, मिलिसेकंद भलतीकडेच

डेव्हलपर लोकांचे काही वाद कधी संपतच नाहीत. कोड लिहायला व्हिम एडिटर की ईमॅक्स, अ‍ॅप इलेक्ट्रॉनवर (म्हणजे वेबपेजसारखं) बनवायचं की नेटिव्ह (थेट त्या सिस्टिमसाठी), आणि अलीकडे जोरात असलेला तिसरा म्हणजे कीबोर्डात प्रत्येक कीखाली रेड स्विच घ्यावा, ब्राउन की ब्लू. वरवर तिन्ही वेगळे, पण तिन्हीत लोक शेवटी एकाच गोष्टीवर येतात, की 'हे फास्ट वाटतं' आणि 'ते जड वाटतं'. तर की दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत वेळ नक्की जातो कुठे, ते बघूया.

चेरी एमएक्स स्विच आला १९८३ मध्ये. २०१४ च्या आसपास त्याची पेटंटं संपली आणि गॅटेरॉन, कैल अशा चिनी कंपन्यांचे तसेच स्विच बाजारात आले, म्हणून आता असे स्विचवाले, म्हणजे मेकॅनिकल, कीबोर्ड आवाक्यात आलेत. रेड सरळ खाली जातो, साधारण ४५ ग्रॅमचा जोर लागतो, २ मिमीवर की 'लागते' आणि ४ मिमीवर तळ. ब्राउनमध्ये मधे एक बारीकसा अडथळा जाणवतो, ब्लूमध्ये अडथळा आणि वर टकटक आवाज. खरं सांगायचं तर रंगाचा वेगाशी फारसा संबंध नाही, तो बोटाला काय आवडतं याचा प्रश्न आहे (आणि ब्लू असेल तर शेजारच्या टेबलवाल्याच्या सहनशक्तीचा).

वेळ जातो तो त्याच्या पुढे. आत दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात, पण एका झटक्यात टेकून गप्प बसत नाहीत, स्टीलची वाटी ओट्यावर पडली की कशी थडथडत राहते तशा त्या मिलिसेकंदभर, कधी जास्त, चालू-बंद होत राहतात. कीबोर्डातली चिप हे सगळं खरं मानायला लागली तर एकदा 'क' दाबला की 'कककक' येईल, म्हणून ती थोडं थांबते, सिग्नल स्थिर झाला की मगच नोंद घेते. याला डीबाउन्स म्हणतात. चेरी स्वतः ५ मिलिसेकंदांची मर्यादा सांगते, त्यामुळे बरेच कीबोर्ड तेवढं तरी थांबतात. जुन्या कीबोर्डवर एखादं अक्षर डबल उमटायला लागतं ते यामुळेच, पट्ट्या झिजल्या की थडथड त्या थांबण्यापेक्षा जास्त वेळ चालते. हॉल इफेक्टवाल्या कीबोर्डात पट्ट्याच नाहीत, लोहचुंबक किती जवळ आलं ते मोजतात, त्यामुळे ही भानगड मुळातच मिटते.

मग यूएसबी. कीबोर्ड स्वतःहून कॉम्प्युटरला हाक मारत नाही, कॉम्प्युटर ठरावीक वेळाने विचारतो, काही आहे का? साध्या कीबोर्डला सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात १००० हर्ट्झ लिहिलेलं असतं त्याला दर १ मिलिसेकंदाने. ऐकायला आठपट वाटतं पण सरासरी वाट बघणं ४ मिलिसेकंदांवरून अर्ध्या मिलिसेकंदावर येतं, बस एवढंच.

डॅन लू या प्रोग्रामरने २०१७ मध्ये बरेच कीबोर्ड मोजले होते, की हलायला लागल्यापासून ते यूएसबीवर मेसेज जाईपर्यंत. आकडे आले साधारण १५ ते ६० मिलिसेकंद, आणि सगळ्यात पुढे होता अ‍ॅपलचा चपटा मॅजिक कीबोर्ड, वायर लावून! त्यात मेकॅनिकल स्विच नाहीतच. पण मोजणी की हलल्यापासूनची आहे हे लक्षात घेतलं तर एवढं नवल वाटत नाही, चपट्या कीला खाली जायला अंतरच कमी आहे.

आता सॉफ्टवेअर. ६० हर्ट्झचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने दाखवतो, म्हणजे एक चित्र, एक फ्रेम, १६.७ मिलिसेकंदांची, आणि तेवढ्यात काम उरकलं नाही तर अक्षर थेट पुढच्या फ्रेमला. म्हणजे एक फ्रेम चुकली की भारी कीबोर्डने वाचवलेले सगळे मिलिसेकंद गेले. इलेक्ट्रॉन अ‍ॅपमध्ये तर प्रत्येक अ‍ॅपबरोबर अख्खं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) येतं, की दाबली की आधी जावास्क्रिप्ट, मग लेआउट, मग पेंट, मग सगळे थर एकत्र जुळवायचे. म्हणून लोक शिव्या घालतात, रॅमवरून तर फारच, आणि त्यात तथ्य आहे. पण सगळा दोष फ्रेमवर्कवर टाकणं मला पटत नाही. अ‍ॅटम एडिटर इलेक्ट्रॉनवरच होता, किंबहुना इलेक्ट्रॉनचं आधीचं नावच अ‍ॅटम शेल, आणि तो जडपणासाठीच बदनाम झाला, डिसेंबर २०२२ मध्ये बंद पडला. व्हीएस कोडही त्याच इलेक्ट्रॉनवर चालतो आणि लोक दिवसभर मजेत वापरतात. नंतर अ‍ॅटमवाल्यांपैकीच काहींनी झेड हा एडिटर काढला, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत, ब्राउझर पूर्ण वगळून थेट ग्राफिक्स कार्डवर अक्षरं काढणारा.

संथपणाची गंमत म्हणजे व्हिमचा पूर्वज व्हीआय संथपणातूनच घडलाय. १९७६ च्या सुमारास बिल जॉय तो लिहीत होता तेव्हा घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम, सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. ८० गुणिले २४ चा स्क्रीन भरायला एक मिनिटाच्या वर! अशा वेळी कमांड एकेका अक्षराच्या ठेवणार नाही तर काय. त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर (दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेला स्क्रीन आणि कीबोर्ड) बाण एच, जे, के, एल या कींवरच छापलेले होते आणि एस्केप होती आजच्या टॅबच्या जागी, करंगळीच्या शेजारीच. आज लोक कॅप्स लॉकला एस्केप करून घेतात ते एका परीने तो जुना कीबोर्ड परत आणणंच आहे.

आपल्या मराठीवाल्यांसाठी मात्र या वादात अजून एक मुद्दा आहे आणि तो बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेग मोजायच्या चाचण्यांत, कुठे दिसत नाही. इंग्रजीत एक की, एक अक्षर, शेजारी ठेवलं की झालं. इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड रचनेवर) 'अर्थ' टाइप करताना 'थ' दाबला की आधीच काढलेला 'र' रफार होऊन त्याच्या डोक्यावर जातो, 'कि' मधली वेलांटी नंतर दाबलेली असून आधी काढावी लागते. म्हणजे प्रत्येक कीला मागची अक्षरं पुन्हा जुळवायची. हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, आणि ती क्रोमियममध्ये आयती आहे, त्यामुळे ज्या इलेक्ट्रॉनला आपण जड म्हणतो त्यात देवनागरी पहिल्या दिवसापासून नीट दिसते. उलट बटणं-खिडक्या काढणारी डिअर आयएमगुईसारखी हलकीफुलकी, भन्नाट फास्ट लायब्ररी घेतली तर त्यात ही जुळवणीच नाही, वेलांटी चुकीच्या बाजूला आणि हलंत उघडे. आजच्या टर्मिनलचंही (कमांड टाइप करायच्या खिडकीचं) तेच, तिथे प्रत्येक अक्षराला एक चौकोन हे गृहीत धरलेलं असतं आणि 'क्षि' कुठल्याच चौकोनात धड बसत नाही. त्यामुळे कोणी नवा एडिटर दाखवून किती फास्ट आहे सांगायला लागला तर मी आधी त्यात 'कार्तिकी' टाइप करून बघतो, मिलिसेकंदांचं नंतर.