खाल्लेलं लोह अंगी कसं लागतं

पावसाळा सरता सरता यवतमाळ, वर्ध्याकडच्या खेड्यात कुणाकडे जेवायला बसलात तर ताटात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, जवसाची चटणी आणि त्या चटणीवर थोडं कच्चं तेल असतं. बाजूला फोडलेला कांदा आणि मिरची. यातली जवळपास एकही वस्तू पाकिटातून आलेली नसते. आरोग्याचं खाणं म्हणून शहरात लोक जे शोधत फिरतात, त्यातलं बरंचसं इथे चुलीजवळच्या डब्यांत पडलेलं आहे.

तरीही आपल्या बायका थकलेल्या दिसतात. 2019 ते 21 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांचं हिमोग्लोबिन कमी होतं. चढ चढताना दम लागतो, निंदणाला वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि घरात सगळे म्हणतात, कामाचा शीण आहे. रक्त कमी असण्याची कारणं बरीच असतात, पण लोहाची कमतरता हे त्यातलं मोठं कारण. या लोहाचा हिशेब एकदा नीट मांडून बघू.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाच्या रोजच्या जेवणात 19 मिलिग्रॅम लोह असावं आणि पाळी येणाऱ्या बाईच्या जेवणात 29. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 4 मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे दिवसाला अडीचशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर 10 मिलिग्रॅम मिळालं. पन्नास ग्रॅम तूरडाळीचं आणखी 2. गव्हात ज्वारीइतकंच असतं. पॉलिशच्या तांदळात मात्र शंभर ग्रॅमला 1 मिलिग्रॅमही नाही, त्यामुळे सोयाबीन आल्यावर शेतातली ज्वारी मागे पडली आणि ताटात भात वाढला, तिथे लोह सरळ घटलं.

खरी अडचण याच्या पुढे आहे. धान्य, डाळी आणि भाज्यांमधल्या लोहापैकी बहुतेक वेळा दहा टक्केही रक्तात जात नाही. वरच्या 12 मिलिग्रॅममधलं एखादं मिलिग्रॅम आत गेलं, बाकीचं आतड्यातून तसंच बाहेर. पाळी येणाऱ्या बाईच्या शरीरातून रोज सरासरी दीड-दोन मिलिग्रॅम लोह जात असतं. तूट तिथेच दिसते. शिवाय घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. तोवर भाजीचं गंज रिकामं झालेलं असतं आणि तिच्या वाट्याला भाकर, मीठ-मिरची आणि वरणाचं पाणी येतं. जिला लोहाची गरज सगळ्यात जास्त, तिच्याच ताटात ते सगळ्यात कमी. हे बदलायला पैसे लागत नाहीत. वाढायला घेण्याआधी तिची भाजी वाटीत काढून ठेवली की झालं.

लोह आत जात नाही, त्याचं मोठं कारण म्हणजे फायटिक आम्ल. दाण्याला पुढे रुजायचं असतं. कोंबाला लागणारं फॉस्फरस तो या रूपात साठवून ठेवतो. आपल्या पोटात गेल्यावर हे आम्ल लोहाला आणि जस्ताला घट्ट पकडतं, आणि ती जोडी पाण्यात न विरघळणारी असल्यामुळे आतड्याला ती शोषता येत नाही. दुसरी गोष्ट लोहाच्या रूपाची. लोह फेरिक आणि फेरस अशा दोन रासायनिक रूपांत असतं. वनस्पतींमधलं लोह बहुतांशी फेरिक रूपात असतं आणि आतड्याच्या पेशीत शिरायचा दरवाजा फेरस रूपालाच उघडतो.

आंबट पदार्थ इथे उपयोगी पडतात. लिंबातलं क जीवनसत्त्व फेरिकचं फेरस करतं, आणि लोहाला स्वतःशी बांधून विरघळलेलं ठेवतं, त्यामुळे ते फायटिक आम्लाच्या हाती लागत नाही. अट एकच, आंबट त्याच जेवणात हवं. सकाळी लिंबूपाणी प्यायलं आणि दुपारी भाकर खाल्ली तर त्या भाकरीला त्याचा उपयोग नाही. लिंबूही चूल विझल्यावर पिळायचं, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने नासतं. आवळ्यात आणि पेरूत ते लिंबापेक्षा कितीतरी जास्त. वरुड, मोर्शी, काटोलचा संत्रा ट्रक भरभरून बाहेर जातो. बागेत हलकं म्हणून बाजूला राहिलेलं फळ जेवताना पोरांच्या ताटात पडलं तर त्याचा सोन्यासारखा उपयोग होतो.

अंबाडीची भाजी मला याच कारणासाठी विदर्भाच्या स्वयंपाकातली सगळ्यात शहाणी भाजी वाटते. पानं निवडून, धुऊन, चिरून थोड्या पाण्यात उकडायची. दुसरीकडे मूठभर तूरडाळ, मूठभर ज्वारीच्या कण्या आणि भिजवलेले शेंगदाणे मऊ शिजवायचे. सगळं एकत्र करून घोटायचं, मीठ घालायचं आणि वरून तेलात भरपूर लसूण लाल होईस्तोवर तळून, त्यात लाल मिरची टाकून चरचरीत फोडणी द्यायची. धान्य, डाळ आणि आंबट, तिन्ही एका गंजात. पान उकडल्यावर क जीवनसत्त्व बरंच जातं हे खरं. पण ज्या सेंद्रिय आम्लांनी भाजी आंबट होते ती शिजवून नाहीशी होत नाहीत, आणि सायट्रिक, मॅलिकसारखी आम्लंही लोह शोषायला मदत करतात. ती पाण्यात उतरतात मात्र. म्हणून फार आंबट लागते म्हणून उकडीचं सगळं पाणी फेकू नका, थोडं राखून डाळीत घाला. ताटात वाढल्यावर कच्चा कांदा आणि लिंबाची फोड द्या.

लोखंडी कढईत आंबट पदार्थ शिजवला तर कढईतलं लोहही थोडं त्यात उतरतं. भाजी काळपट होते, तिने काही बिघडत नाही. फक्त शिजल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, नाहीतर चव तुरट-लोखंडी होते.

आणि आता चहा. सकाळी शेतात निघताना चहात बुडवून भाकर किंवा पोळी खायची सवय गावोगाव आहे. कष्टाच्या माणसाला त्या गोड घोटाने हुशारी येते, हे मी नाकारत नाही. पण चहातली टॅनिनसारखी द्रव्यं जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात, आणि जेवणासोबत चहा घेतला तर शोषण निम्म्याहून जास्त घटू शकतं. दूध घातल्याने यात फारसा फरक पडत नाही. चहा सोडायची गरज नाही. जेवणाच्या आणि चहाच्या मध्ये तासाभराचं अंतर ठेवा. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

फायटिक आम्ल कमी करायचे उपायही घरातलेच आहेत. दाणा भिजला, रुजू लागला की त्यातलं फायटेज नावाचं विकर ते आम्ल तोडायला लागतं, आणि कोंब येताना क जीवनसत्त्वही तयार होतं. मोड आलेली मटकी किंवा मूग म्हणूनच मोड न आणता केलेल्या उसळीपेक्षा सरस. आंबवण्यानेही तेच साधतं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आपल्याकडे ज्वारीची आंबील होते आणि मग वर्षभर तिची आठवण कुणाला येत नाही, याचं मला वाईट वाटतं. रात्री दोन मुठी ज्वारीचं पीठ ताकात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी त्याला आंबूस वास येतो, वर बारीक बुडबुडे दिसतात. उकळत्या पाण्यात जिरं, ठेचलेलं लसूण आणि मीठ टाकून हे पीठ ढवळत ढवळत सोडायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. दहा मिनिटांत चकाकी येते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे गेला की कामावर जाण्याआधी याच्यासारखं पेय नाही.

भाकरीसोबत वरण असावं याचंही कारण आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, तुरीत ते भरपूर असतं. तुरीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी पुरवते. पालेभाजीवरची फोडणीही अशीच कामाची: पानांतलं कॅरोटीन, ज्यापासून अ जीवनसत्त्व बनतं, ते तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही. चमचाभर तेल पुरतं.

जवसाचा मुद्दा थोडा वेगळा, पण अंगी लागण्याचाच. जवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि त्या तेलाचा जवळपास निम्मा भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-3 गटातला मेद. महागाच्या चिया बियांची ख्याती याच मेदामुळे आहे. पण जवसाचं टरफल चिवट आणि गुळगुळीत. अख्खा दाणा गिळला तर तो बऱ्याचदा तसाच बाहेर पडतो. म्हणून मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून कुटा. भाजल्याने जवसातली सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यंही कमी होतात. हे तेल हवेत लवकर खवट होतं, त्यामुळे चटणी आठ-दहा दिवसांपुरतीच करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

एवढं सांभाळूनही कुणाचं हिमोग्लोबिन फार कमी असेल तर आहारावर विसंबून राहू नये. पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर भागात, सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. त्यात रक्त कमी होतं ते लाल पेशी लवकर फुटल्यामुळे, आणि तिथे मनाने लोहाच्या गोळ्या घेत राहणं चुकीचं. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावं.

किशोरवयीन मुलींना आठवड्याला मिळते ती निळी गोळी आणि गरोदर बाईला रोजची लाल गोळी, दोन्हींमध्ये लोहच असतं, म्हणून वरचे नियम गोळीलाही लागू. चहासोबत ती घेऊ नये, पाण्यासोबत किंवा लिंबूपाण्यासोबत घ्यावी. गरोदरपणात कॅल्शियमची गोळीही मिळते, ती लोहाच्या गोळीबरोबर एकदम गिळायची नाही. एक सकाळच्या जेवणानंतर घेतली तर दुसरी रात्रीच्या जेवणानंतर, कारण कॅल्शियमही लोहाचं शोषण अडवतं.