किनाऱ्याला लागलेली बदकं

सिॲटलचे समुद्रशास्त्रज्ञ कर्टिस एब्समायर यांना 1991 साली आईने वर्तमानपत्रातली एक बातमी दाखवली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला शेकडो नवेकोरे बूट लागत होते. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात उत्तर पॅसिफिकमध्ये ‘हान्सा कॅरियर’ जहाज वादळात सापडलं आणि काही कंटेनर समुद्रात पडले. त्यांत नायकीचे सुमारे 61,000 बूट होते. किनाऱ्यावरचे लोक ते धुऊन, डाव्याला उजवा शोधून पायात घालत होते. एब्समायर यांची नजर मात्र बुटाच्या आतल्या क्रमांकावर गेली. त्यावरून बूट कोणत्या खेपेतला ते कळे, म्हणजे तो पाण्यात कुठे आणि कधी पडला तेही!

एरवी प्रवाह समजावेत म्हणून शास्त्रज्ञ समुद्रात बाटल्या सोडत. एका वेळी पाचशे-हजार, आणि शंभरातल्या जेमतेम दोन परत मिळत. इथे तर हजारो खुणा आपसूक तरंगत निघाल्या होत्या. सहकारी जेम्स इन्ग्राहम यांच्या सागरी प्रवाहांच्या संगणक-प्रारूपाशी एब्समायर यांनी बुटांचा प्रवास ताडून पाहिला.

मग 10 जानेवारी 1992 रोजी हाँगकाँगहून अमेरिकेतल्या टॅकोमाला निघालेल्या जहाजावरून आणखी कंटेनर पडले. एकात आंघोळीच्या टबातली 28,800 प्लास्टिकची खेळणी होती: पिवळी बदकं, लाल बीव्हर, निळी कासवं, हिरवे बेडूक. पुठ्ठ्याची वेष्टनं पाण्यात सुटली. खेळण्यांना भोक नव्हतं, त्यामुळे ती बुडाली नाहीत. दहा महिन्यांनी, सुमारे 3,200 किलोमीटरवर, अलास्कातल्या सिटकाला पहिली काही लागली. पुढे काही वर्षांच्या अंतराने तिथेच पुन्हा पुन्हा सापडत राहिली. उत्तर पॅसिफिकच्या वरच्या भागात प्रवाहांचा एक प्रचंड भोवरा आहे आणि त्याच्या एका फेरीला सुमारे तीन वर्षं लागतात, हे या खेळण्यांमुळे उमगलं. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

पण जे प्लास्टिक इतकी वर्षं फिरतं, ते फिरतच राहतं. या भोवऱ्याच्या दक्षिणेला कॅलिफोर्निया आणि हवाईच्या दरम्यान दुसऱ्या भोवऱ्यात अडकलेलं प्लास्टिक चार्ल्स मूर या नाविकाला 1997 मध्ये दिसलं. त्या भागाला ‘गार्बेज पॅच’ (कचऱ्याचा पट्टा) हे नाव एब्समायर यांनीच दिलं. नावामुळे कचऱ्याचं बेट डोळ्यांपुढे येतं, पण तिथे बेट नाही. बहुतेक तुकडे नखाएवढे किंवा त्याहून लहान, पाण्यात विखुरलेले.

बदकांवरही इतक्या वर्षांचा परिणाम दिसू लागला होता. वर्षानुवर्षं उन्हात राहून पिवळी बदकं आणि लाल बीव्हर पांढरेफटक पडले. कासवं आणि बेडकांनी मात्र रंग टिकवला. त्यामुळे एखादं पांढरं बदक वाळूत सापडलं, की लोक ते उलटं करून पोटावर उठवलेलं कंपनीचं नाव शोधत आणि एब्समायर यांना कळवत.