मरणाची इच्छा हाही दोष

१९५५च्या पावसाळ्यात दिगंबर जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी क्रमाने सोडत मरण स्वीकारण्याचं व्रत, घेतली. त्यांची दृष्टी अधू होत चालली होती. पायाखालचा किडामुंगीसारखा जीव दिसेनासा झाला, तर मुनीने अहिंसा पाळायची कशी? कारण एवढंच. अन्न गेलं, मग पाणी गेलं, आणि १८ सप्टेंबरला त्यांनी देह ठेवला. दक्षिण महाराष्ट्रातल्या दिगंबर जैन घरांत याला समाधीमरण म्हणतात. श्वेतांबरांकडे शब्द आहे संथारा.

साठ वर्षांनी, १० ऑगस्ट २०१५ला, राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न, असा निकाल दिला. जैन समाजाने गावोगावी मूक मोर्चे काढले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. त्या वेळच्या चर्चा ऐकताना वाटायचं, की हा प्रश्न जैन आचार्यांना कधी पडलाच नव्हता. प्रत्यक्षात दीड हजार वर्षांपूर्वीच त्यांनी तो पुरता कुटून काढला आहे.

समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त प्रसंग मोजून दिले आहेत: उपसर्ग म्हणजे मोठं संकट, दुष्काळ, म्हातारपण, रोग. तेही उपाय उरला नसेल तरच. पूज्यपादांनी दृष्टांत दिला तो व्यापाऱ्याचा. कुठल्याही व्यापाऱ्याला आपलं घर जळावं असं वाटत नाही. आग लागली तर तो आधी विझवू पाहतो. नाहीच विझली, तर घराचा नाद सोडून माल बाहेर काढतो. घर म्हणजे देह, माल म्हणजे व्रतं. (दृष्टांत पेठेतला आहे, हे श्रोते कोण होते ते सांगून जातं.)

पण खरी मेख ‘तत्त्वार्थसूत्र’ या जैनांच्या मूळ ग्रंथात आहे. सल्लेखनेचे पाच अतिचार, म्हणजे दोष, तिथे सांगितले आहेत. आणखी जगावंसं वाटणं हा पहिला. दुसरा, लवकर मरण यावंसं वाटणं. पुढे मित्रांची ओढ, भोगलेल्या सुखांची आठवण आणि पुढच्या जन्मीच्या फळाची आशा. मरणाची घाई झाली की व्रताला डाग लागला! आत्महत्येत रागद्वेष असतो, इथे तो असता कामा नये, हा आचार्यांचा सगळा युक्तिवाद यावर उभा आहे. अडचण अशी, की मनात घाई आहे की नाही हे पंचनाम्यात दिसत नाही.

श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर असं मरण स्वीकारलेल्यांचे कितीतरी शिलालेख आहेत. राष्ट्रकूट घराण्यातला चौथा इंद्रही तिथेच ९८२ साली गेला.

जैनांबाहेरही ही वाट अनोळखी नव्हती. हिंदू परंपरेत तिला प्रायोपवेशन म्हणतात. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६मध्ये अन्नपाणी सोडलं. त्याआधीच त्यांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला फरक लिहून ठेवला होता. विनोबांनी नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला औषध, अन्न, पाणी सारं नाकारलं. खुद्द इंदिरा गांधी भेटीला गेल्या होत्या, गुन्हा नोंदवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

कायदा मात्र या काळात हेलकावे खात होता. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंडविधानाचं कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६मध्ये घटनाबाह्य ठरवलं. १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं आणि १९९६मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवलं. मुंबईच्या केईएममध्ये वर्षानुवर्षं पडून असलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली निष्क्रिय दयामरणाचं, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याचं, दार किलकिलं झालं. २०१८मध्ये उपचार नाकारण्याचं इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, मान्य झालं.

१ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली आणि ३०९ वगळलं गेलं. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. आत्महत्येला प्रवृत्त करण्याचं कलम मात्र नव्या संहितेतही आहे, आणि सल्लेखना घेतलेल्या माणसाभोवती पाठ म्हणणारे, सेवा करणारे, दर्शनाला आलेले लोक दिवसरात्र असतातच.