सोलापुरातल्या बांधकाम साइटवर कामगारांचे हक्क: बिल्डर-ठेकेदारांनी करायच्या नोंदण्या, कामगाराचा अर्ज आणि लागणारी कागदपत्रं

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, बाळे, शेळगी, कुठल्याही बाजूनं शहराबाहेर पडलं की सेंट्रिंगच्या बल्ल्या आणि सळ्यांचे ढीग दिसतात. या साइटवर राबणारे हात अक्कलकोट, मंगळवेढा, दक्षिण सोलापूरच्या गावांतून येतात, तसेच सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गीकडूनही येतात. कुंभारीच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत ठरली आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. कष्टकऱ्यांची घरं उभी करणाऱ्या या शहरात घर बांधणाऱ्याचे हक्कही तितक्याच गांभीर्यानं घेतले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

‘मानवी हक्क’ म्हटलं की छोट्या बिल्डरला तो मोठ्या कंपन्यांचा विषय वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेनं २०११ मध्ये उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. त्यांचा सारांश असा: हक्कांचं रक्षण सरकारनं करायचं, आदर उद्योगानं करायचा आणि नुकसान झालंच तर दाद मागायची वाट खुली ठेवायची. भारत सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वं जाहीर केली, त्यातलं पाचवं मानवी हक्कांचं आहे. चार मजली इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराला ही तत्त्वं तोंडपाठ असण्याची गरज नाही. त्याच्या साइटवर ती उतरतात ती मस्टरमधून (हजेरीच्या वहीतून), कामगार कल्याणासाठी भरलेल्या उपकराच्या पावतीतून आणि नव्वद दिवस काम केल्याच्या, कामगाराला दिलेल्या दाखल्यातून. म्हणून इथे कागदांबद्दलच सांगतो.

आधी एक बदल लक्षात घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे) देशभर लागू झाल्या आणि १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा व त्याचा उपकर कायदा त्यांत सामावला गेला. दहा कामगारांची मर्यादा, एक टक्का उपकर, नव्वद दिवसांची अट हा गाभा तोच आहे. फॉर्मचे क्रमांक आणि पोर्टलची रचना मात्र बदलत राहते. त्यामुळे अर्जाच्या दिवशी सोलापूरच्या सहाय्यक कामगार आयुक्त कार्यालयात चालू नमुना विचारून घ्यावा.

साइटची नोंदणी

मागच्या बारा महिन्यांत साइटवर दहा किंवा त्याहून जास्त कामगार असतील, तर आस्थापनेची, म्हणजे त्या साइटची, नोंदणी साठ दिवसांच्या आत करावी लागते. यात एक पळवाट सर्रास काढली जाते. गवंड्यांची टोळी एकाची, सेंट्रिंगवाले दुसऱ्याचे, फरशी-प्लंबिंग तिसऱ्याचं, म्हणून ‘माझ्याकडे पाचच माणसं’ असं सांगितलं जातं. मोजणी साइटची होते. ठेकेदार आणि उपठेकेदार यांच्यामार्फत आलेली सगळी माणसं त्यात धरली जातात.

अर्जात साइटचा पत्ता, मालक आणि व्यवस्थापकाचं नाव, कामाचं स्वरूप, एका वेळी जास्तीत जास्त किती कामगार असतील तो आकडा, काम सुरू होण्याची आणि संपण्याची अंदाजे तारीख लिहावी लागते. सोबत पॅन, मालकाचं ओळखपत्र, महानगरपालिकेचा बांधकाम परवाना आणि वर्क ऑर्डर किंवा करारनामा तयार ठेवा. माणसं वाढली, मुदत लांबली, तर तो बदलही कळवायचा असतो. प्रमाणपत्राची प्रत साइटवर दिसेल अशी लावा. कपाटात ठेवलेल्या प्रमाणपत्रावरून कामगाराला आपला मालक कोण हे कळत नाही.

पन्नास किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराला वेगळा परवाना लागतो. मूळ मालकानं, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्यानं, परवाना तपासल्याशिवाय काम देऊ नये, कारण ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘मी ठेकेदाराला पैसे दिले होते’ एवढ्यानं सुटका होत नाही.

उपकर: बांधकाम खर्चाचा एक टक्का

जमिनीची किंमत वगळून बांधकामाचा जो खर्च येतो, त्याच्या किमान एक टक्का रक्कम कामगार कल्याण उपकर म्हणून भरावी लागते. दोन कोटींच्या बांधकामावर दोन लाख. महापालिकेकडून परवानगी घेतानाच तो बहुधा भरून घेतला जातो. स्वतःच्या राहण्यासाठी घर बांधणाऱ्याला नव्या संहितेत पन्नास लाखांच्या खर्चापर्यंत सूट आहे. पूर्वी ही मर्यादा दहा लाखांची होती. पावती जपून ठेवा. याच पैशातून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजना चालतात. बिल्डरनं उपकर भरला आणि त्याच्याच साइटवरचा गवंडी मंडळाकडे नोंदलेला नसला, तर त्या पैशातलं त्याच्या घरी काहीच पोचत नाही.

कामगाराची नोंदणी: नव्वद दिवसांचा दाखला

वय अठरा पूर्ण आणि साठच्या आत, आणि मागच्या बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामाचं काम, एवढ्याच दोन मुख्य अटी आहेत. नव्वद दिवस सलग असावे लागत नाहीत, एकाच मालकाकडे असावे लागत नाहीत. गवंडी, बिगारी, सुतार, फिटर, रंगारी, फरशीवाला, प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळे यात येतात. डोक्यावर घमेली वाहणारी बाई तर येतेच. तिची नोंदणी नवऱ्याच्या नावावर होत नाही, ती स्वतंत्र कामगार आहे.

अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरतात. आधार आणि चालू मोबाइल क्रमांक टाकल्यावर ओटीपी येतो, मग अर्ज उघडतो. कागदपत्रं अशी: वयाचा पुरावा, ओळखपत्र, रहिवासी पुरावा, बँक पासबुक, पासपोर्ट आकाराचे तीन फोटो आणि नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. अर्ज स्वीकारला की मूळ कागद पडताळणीसाठी तारीख मिळते आणि त्या दिवशी कामगारानं स्वतः जायचं असतं. तालुक्याच्या कामगार सुविधा केंद्रातही अर्जाला मदत मिळते. एजंटला हजार-पाचशे देण्याची काहीच गरज नाही.

अर्ज अडतात ते दाखल्यावर. तो ठेकेदार किंवा बिल्डर देतो. नाक्यावर उभं राहून रोज नव्या मालकाकडे जाणाऱ्याला गावात ग्रामसेवकाकडून, शहरात महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडून घ्यावा लागतो. दाखल्यावर देणाऱ्याचं नाव, नोंदणी क्रमांक, मोबाइल, जावक क्रमांक आणि तारीख हवी. सही आहे पण जावक क्रमांक नाही, एवढ्यावरून अर्ज परत येतात. खोटे दाखले निघाले म्हणून तपासणी कडक झाली आणि त्याची झळ खऱ्या कामगाराला बसली. मस्टर नीट ठेवणाऱ्या ठेकेदाराला मात्र दाखला देताना घाबरायचं कारण नाही, हजेरीच त्याचा पुरावा असतो. काही जण सही टाळतात. ‘दाखला दिला तर उद्या हा माझ्यावर हक्क सांगेल’ ही भीती त्यामागे असते. हक्क काम केल्या दिवशीच तयार झालेला असतो, दाखल्यात फक्त त्याची नोंद होते. मला विचाराल तर महिन्यातला एक ठरलेला दिवस दाखल्यांसाठी ठेवावा आणि साइटवरच ते वाटावेत. कामगाराला एका सहीसाठी मजुरी बुडवून चार चकरा मारायला लावणं योग्य नाही.

सोलापुरात आणखी एक अडचण हमखास येते: नावं. इथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासबुकात तिसरं असतं. मंडळाचा पैसा थेट खात्यात जमा होतो, त्यामुळे आधार आणि बँकेतलं नाव आधी जुळवा, मगच अर्ज भरा. कर्नाटक-तेलंगणातून आलेल्यांना ‘तुम्ही बाहेरचे’ म्हणून परत पाठवलं जातं, पण नोंदणीसाठी मूळ राज्याची अट कायद्यात नाही. ठेकेदारानं इथल्या राहण्याबद्दल लेखी पत्र दिलं तर त्यांचं काम बरंच सोपं होतं. ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या केंद्र सरकारच्या नोंदणीचं कार्ड) काढलं म्हणजे मंडळाची नोंदणी झाली असं समजू नका, ती वेगळी आहे. आणि मंडळाच्या नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. तारीख चुकली की नेमक्या गरजेच्या वेळी लाभ अडतो.

मिळतं काय? पहिली ते सातवीतल्या मुलांना वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावीला ५,०००. अकरावी-बारावीला १०,०००, पदवीला २०,०००, अभियांत्रिकीला ६०,००० आणि वैद्यकीय शिक्षणाला एक लाख. नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि सिझेरियनला २०,०००, दोन अपत्यांपर्यंत. कामावर असताना मृत्यू आला तर वारसाला पाच लाख, नैसर्गिक मृत्यूला दोन लाख. विधवा पत्नीला पाच वर्षं दरसाल २४,०००. पण मंडळाचे पाच लाख मिळाले म्हणून मालकाची भरपाई माफ होत नाही. ती कायद्यानं वेगळी द्यावी लागते.

मजुरी, उचल आणि मुकादम

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ‘उचल’ म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. ऊसतोडीतली ही रीत मुकादमामार्फत बांधकामातही आली आहे. गावातल्या जोडप्याला आगाऊ रक्कम द्यायची आणि ती फिटेपर्यंत साइट सोडू द्यायची नाही. आगाऊ रक्कम देणं हा गुन्हा नाही. त्या बदल्यात माणसाला अडवून ठेवणं, आधार कार्ड काढून घेणं, किमान वेतनाच्या खाली राबवणं ही वेठबिगारी आहे आणि ती १९७६ च्या कायद्यानं बंद आहे. अशी तक्रार जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडे करता येते. सुटका झालेल्याचं कर्ज कायद्यानंच रद्द होतं आणि तातडीची मदत म्हणून ३०,००० रुपयांची तरतूद आहे. कंपनीनं मुकादमाशी करार करतानाच लिहून घ्यावं: कागदपत्रं कोणी ठेवून घेणार नाही, उचलीचा हिशेब कामगाराला लेखी मिळेल, मजुरी खात्यात जमा होईल.

रोजंदारीची मजुरी पाळी संपताना, आठवड्याची सुट्टीच्या आधी आणि महिन्याची पुढच्या सात तारखेच्या आत द्यायची असते. कामावरून काढलं किंवा माणसानं काम सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा. जादा कामाला दुप्पट दर. बाई आणि पुरुष तेच काम करत असतील तर मजुरी तीच. थकलेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो.

साइटवर रोज लागणाऱ्या गोष्टी

एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीच्या वर असतो. भर दुपारी स्लॅबवर माणूस चढवू नका, काम पहाटे सुरू करा. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे बांधकामाच्या हौदातलंच पाणी मजूर पितात असं होता कामा नये. पिण्याचं वेगळं भरून ठेवा. काळ्या मातीत खोल चर खणला तर पावसानंतर बाजू ढासळते, म्हणून चराला आधार दिल्याशिवाय आत कोणी उतरू नये. हेल्मेट, बेल्ट, जाळी यांचा खर्च मालकाचा, तो मजुरीतून कापायचा नाही. बायकांसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह हवं, आणि पन्नास कामगारांच्या साइटवर पाळणाघरही. अठरा वर्षांखालच्या मुलाला बांधकामावर ठेवायचं नाही, ‘आईसोबत आलाय, विटा देतोय’ असं असलं तरी.

तक्रार कुठे करायची

साइटच्या फाटकावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदीत एक फलक लावा: मालकाचं नाव, ठेकेदाराचं नाव, नोंदणी क्रमांक, किमान वेतनाचा चालू दर आणि तक्रारीसाठी एक मोबाइल. तो फोन मुकादमाकडे नसावा, कारण बहुतेक तक्रारी त्याच्याबद्दलच असतात. आलेली तक्रार तारखेसह वहीत नोंदवा आणि काय केलं ते समोर लिहा. तक्रार करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावरून कमी केलं, तर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. माणसं कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा.

मजुरी आणि नोंदणीचे वाद सहाय्यक कामगार आयुक्तांकडे, साइटच्या सुरक्षिततेची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. महिलांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो. जाताना हजेरीची वही, मजुरी जमा झाल्याच्या नोंदी, मुकादमाचे मेसेज आणि साइटच्या फलकाचा मोबाइलवर काढलेला फोटो, जे हाताशी असेल ते सोबत न्या. लेखी काहीच नसेल, तर त्याच साइटवर काम केलेले दोन सोबती बोलायला तयार असले तरी अर्ज करा.